पूजेआधी खाल्लेलं बोर

कल्पना करा. डोळे मिटायचे नाहीत हं, उघडेच ठेवा, म्हणजे पुढचं वाचताही येईल.

जानेवारीतली संध्याकाळ आहे. गाव कोलकाता. बालीगंजमधल्या एका गल्लीत मराठी मंडळींनी भाड्याने घेतलेला छोटा हॉल आहे. मधोमध पाटावर एक गुटगुटीत बाळ बसलंय. अंगात काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, आणि चेहऱ्यावर ‘हे सगळं कशासाठी चाललंय?’ असा भाव. चारी बाजूंनी काकू, मावश्या, आत्या उभ्या आहेत. ‘हं, आता!’ असं कुणीतरी म्हणतं आणि बाळाच्या डोक्यावरून पाऊस सुरू होतो... बोरांचा, चुरमुऱ्यांचा, उसाच्या करव्यांचा, रेवड्यांचा. टपटप, खुळखुळ, सरसर. भोवतीची मुलं त्या पावसात हात घालून मिळेल ते गोळा करतात. यालाच बोरन्हाण म्हणतात. पाऊस फक्त ढगांतून पडतो असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते तेवढंसं खरं नाही.

त्या पावसातलं एक बोर घरंगळत एका खुर्चीखाली गेलं. मुलांच्या पायाखाली चिरडलं जाऊ नये म्हणून आभा ते उचलायला वाकली. नेमका त्याच वेळी पलीकडून आणखी कुणीतरी वाकला. आणि... टण्ण!

“आई गं!”

“सॉरी, सॉरी, सॉरी!” समोरचा तरुण कपाळ चोळत म्हणाला. “आता पटकन पुन्हा एकदा आपटा.”

“काय?”

“डोकं हो. एकदाच आपटलं की शिंग येतं. लहानपणी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

आभा बालीगंजच्याच एका शाळेत विज्ञान शिकवत होती. दिवसभर मुलांना एकच शब्द विचारायची तिला सवय होती. तोच आत्ताही तोंडातून बाहेर पडला.

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे?”

“शिंग आलेला एखादा माणूस पाहिलाय तुम्ही?”

तो क्षणभरही अडखळला नाही. “नाही पाहिला. कारण सगळे लगेच दुसऱ्यांदा आपटतात ना!”

आभाला हसायचं नव्हतं. पण ते हसू असं काही अचानक आलं, की तिला पदर तोंडाशी न्यावा लागला.

“बरं,” ती म्हणाली. “मग आपण आज दुसऱ्यांदा आपटायचंच नाही. प्रयोग करू. शिंग येतं का ते बघू.”

“मग बघायला भेटावं लागेल.”

“प्रयोग आहे, म्हणजे निरीक्षण आलंच,” आभा शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाली. तिचे कान मात्र गरम झाले होते. “तुम्ही...?”

“केयूर. नाशिकचा. सॉल्ट लेकला ताईकडे राहतो. ती बघा, माझी भाची... दोन्ही गालांत बोरं भरलेली. नूपुर! इकडे ये!”

माकडासारखे गाल फुगवून एक चौथीतली मुलगी धावत आली आणि आभाला पाहताच थबकली. “आभामिस!”

“इथे मिस नाही, आभाताई,” आभा म्हणाली. नूपुर तिच्याच शाळेत होती आणि वर्गात सर्वांत आधी जिचा हात वर जायचा, ती हीच. हात वर केला की मागच्या मुलीला फळा दिसायचा नाही, इतका उंच.

निघताना केयूर दारात थांबला. “थंडी आहे बाहेर. पण तुम्हाला काय काळजी? काळी साडी नेसलाय. काळा रंग उष्णता धरून ठेवतो. संक्रांतीला काळं नेसतात, त्यामागे शास्त्रीय कारण आहे.”

“काळा रंग ऊन जास्त शोषतो, हे खरं. पण ऊन आहे कुठे?” आभाने दाराबाहेरच्या अंधारलेल्या गल्लीकडे बोट दाखवलं. “आत्ता काळी काय आणि पांढरी काय, थंडी सारखीच वाजणार.”

“मग शाल देऊ?”

“ही गोष्ट मात्र शास्त्रीय आहे,” ती म्हणाली. पण शाल घेतली नाही. उगीच आपलं.

पुढच्या रविवारी सकाळी केयूर आभाला बालीगंजजवळच्या तळ्यावर भेटायला आला (तिथे सगळे त्याला नुसतं ‘लेक’ म्हणतात), तो कपाळावरचे केस मागे सारूनच. “बघून घ्या. शिंग नाही.”

धुक्यात झाडं अर्धीच दिसत होती. पाण्यावर एक लांबट होडी आवाज न करता सरकत होती. नूपुर दोघांच्या मध्ये बसून झालमुडीचा, म्हणजे तिथल्या भेळेचा, पुडा फस्त करत होती. मोहरीच्या तेलाचा वास तिच्या मिटक्यांबरोबर दरवळत होता. आजूबाजूने फिरायला आलेले सगळे काका माकडटोप्यांमध्ये गुडूप होते.

“हे लोक बरोबर करतात,” केयूर म्हणाला. “शरीरातली बहुतेक सगळी उष्णता डोक्यातून बाहेर जाते.”

“कशावरून?”

“आमच्या ॲपवर मीच लिहिलं होतं. लाखो लोकांनी पुढे पाठवलंय.”

आणि मग त्याने आपलं काम सांगितलं. सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीचं ॲप रोज सकाळी लोकांना ‘तुम्हाला ठाऊक आहे का?’ म्हणून एक माहिती पाठवायचं. त्यातली मराठी माहिती केयूर लिहायचा.

“ती तपासता का?”

“तपासतो की! किती जणांनी पुढे पाठवली, ते.”

“अस्सं. मग उद्या फक्त माकडटोपी घाला, बाकी काही नको, आणि लेकला एक फेरी मारा. बहुतेक सगळी उष्णता वाचेल तुमची.”

नूपुरला ठसका लागला. केयूरने तिची पाठ थोपटली, पण त्याचे डोळे आभावरच होते. “मॅडम, तुम्ही माझी नोकरी घालवणार.”

“नोकरी राहू दे. माहिती घालवते.”

तेवढ्यात एक बदक पंख फडफडवत त्यांच्या समोरून उडालं आणि आभा दचकून हसली. केयूरने नाटकीपणे छातीच्या डाव्या कडेला हात नेला. “इथे काहीतरी झालं हं आत्ता.”

“तिथे फुप्फुस आहे,” आभा म्हणाली. “हृदय जवळजवळ मध्ये असतं. किंचित डावीकडे कललेलं, इतकंच.”

“किंचित कललेलं...” त्याने हात सावकाश मध्ये आणला. “बरोबर. इथेच होतंय.”

आभाने पाण्याकडे पाहिलं. धुकं विरत होतं. तिला वाटलं, होडीतल्या माणसांनाही आपलं हसू दिसत असेल.

असे ते भेटत राहिले. कधी शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर, कधी लेकवर. तो रोज एक माहिती आणायचा आणि ती रोज तिचा निकाल लावायची. गोल्डफिश क्षणात सगळं विसरतो, असं त्याने सांगितलं. खायला द्यायची वेळ गोल्डफिश शिकतो आणि बरेच दिवस लक्षात ठेवतो, असं तिने सांगितलं. वटवाघळं आंधळी असतात, असं तो म्हणाला. नसतात, ती म्हणाली. हरल्यावर तो चहा पाजायचा. केयूर मुद्दाम चुकीची माहिती आणतो की काय, अशी तिला शंका येऊ लागली. पण ही शंका मात्र तिने तपासून पाहिली नाही. चहाबरोबर कधीतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

आणि मग एका सोमवारी आभाच्या लक्षात आलं, की नूपुरचा हात वर जात नाहीये.

“इंद्रधनुष्य दिसतं, तेव्हा सूर्य आपल्या कुठल्या बाजूला असतो?” आभाने मुद्दाम तिच्याकडे बघत विचारलं. नूपुर बाकाच्या कडेवर नख घासत बसली. डोळे खाली. शेजारी तिची जिवलग मैत्रीण ऋतुपर्णा तिच्याकडे दयेने बघत होती.

काय झालं ते संध्याकाळी केयूरकडून कळलं. कोलकात्याची मुलं सरस्वतीपूजेआधी बोर खात नाहीत. तिकडे बोराला कूल म्हणतात. पूजेच्या दिवशी देवीला आधी बोर वाहायचं, मग आपण खायचं. आधी खाल्लं तर विद्या जाते, परीक्षेत नापास होतात, असं प्रत्येक बंगाली आजी सांगते. आणि आपलं बोरन्हाण येतं नेमकं त्याआधी! नूपुरने मंडळात गाल भरून बोरं खाल्ली, गेल्या शुक्रवारी वर्गात ते फुशारकीने सांगितलं, आणि ऋतुपर्णाने तोंडावर हात ठेवला होता. “ओ मा! कूल खेये फेलेछिस?” अगं बाई, बोर खाऊन टाकलंस?

“तेव्हापासून पुस्तक उघडत नाही,” केयूर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. “म्हणते, कशाला अभ्यास करू, आता काही राहणारच नाही डोक्यात. ताई आणि भावजी दोघं ऑफिसात. संध्याकाळी मीच असतो तिच्याबरोबर. काल उशीत तोंड खुपसून रडली, आभा.”

“मी बोलते तिच्याशी.”

“नको. माझी भाची आहे. मला एक संधी दे.”

बुधवारी नूपुरचा हात पुन्हा वर गेला. मागच्या मुलीला पुन्हा फळा दिसेनासा झाला. आभाला इतका आनंद झाला, की शाळा सुटताच तिने केयूरला फोन केला.

“काय जादू केलीस?”

“गुपित आहे.”

“सांग ना.”

“आधी बक्षीस. पूजेला नूपुरला पिवळी साडी घ्यायचीय. शुक्रवारी गरियाहाटच्या बाजारात माझ्याबरोबर येशील?” मग जरा थांबून, “आणि... तुझ्याशी थोडं बोलायचंही आहे. माहिती नाही. दुसरंच.”

“येईन,” ती म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने ‘कशावरून?’ विचारलं नाही. मुलांनो, असं होतं खरं. आपल्याला आवडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला आपण विसरतो.

शुक्रवारी आभा चौथीच्या वर्गात शिरली, तेव्हा ऋतुपर्णा बाकावर डोकं टेकून हुंदके देत होती. वर्षभर घोटून पाठ केलेली कविता. पूजेच्या दिवशी कुणी म्हणायची, याची सकाळी निवड होती. आणि ऋतुपर्णा मध्येच थांबली होती. पुढची ओळ आलीच नाही.

“ओर जन्नो!” तिने नूपुरकडे बोट दाखवलं. हिच्यामुळे! हिच्यामुळेच मी विसरले! कूल दिलं हिने मला!

नूपुरचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्या कंपासपेटीचं झाकण उघडं होतं. आत पेन्सिलीशेजारी बोरं होती.

“मिस, मी वाईटासाठी नाही दिला,” ती कशीबशी म्हणाली. घाबरली की तिचं मराठी आणखीच अडखळायचं. “मामा बोलला, शास्त्रज्ञ लोकांनी मोजलाय. बोर खाल्ला की मेमरी वाढते. पूजेच्या आधी खाल्ला तर डबल. म्हणून मी ऋतूला पण दिला. तिची कविता चांगली व्हावी म्हणून. ती नको बोलत होती, पण मी बोलली, सायन्स आहे...”

आभा खडू हातात धरून उभी राहिली. रागाने तिने तो मुठीत गच्च आवळला. मैत्रिणीचं भलं व्हावं म्हणून या मुलीने आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं दिलं होतं, आणि ते खोटं निघालं होतं. तिला खोटं कुणी दिलं, ते आभाला ठाऊक होतं. आणि आपण ते विचारायचं सोडून दिलं, हेही.

गरियाहाटचा फुटपाथ त्या संध्याकाळी पिवळाधम्मक होता. दोऱ्यांवर पिवळ्या साड्या लटकत होत्या. ओळीने छोट्या सरस्वती बसल्या होत्या, कुणाची वीणा अजून ओली. त्यांच्या पायाशी टोपल्यांमध्ये बोरांचे ढीग. केयूर दोन साड्या दोन हातांत घेऊन उभा होता.

“ही की ही? तू सांग. आणि मग मी...”

“नूपुरला काय सांगितलंत तुम्ही?”

त्याचे दोन्ही हात खाली आले. ‘तू’चं पुन्हा ‘तुम्ही’ झालेलं त्याला बरोबर ऐकू आलं होतं.

आभाने सकाळचं सगळं सांगितलं. ऋतुपर्णाची कविता, कंपासपेटी, ‘सायन्स आहे’. केयूर ऐकत गेला, तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

“ती रडत होती, आभा. मी काय करायला हवं होतं?”

“मला माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं.”

“एवढ्याशा मुलीला?”

“एवढ्याशा मुलीलाच! तिला वाटत होतं बोराने विद्या जाते. तुम्ही सांगितलं बोराने विद्या येते. मग तिच्या हातात नवीन काय आलं? ती एका गोष्टीवर नुसता विश्वास ठेवत होती, ती काढून दुसरी दिली. तीही तुम्ही रचलेली.”

“तिला हसवायचं होतं मला.”

“ते मला कळतं,” आभा म्हणाली. तिचा आवाज क्षणभर मऊ झाला, पण पाय मागे गेला नाही. “पण उद्या पूजा आहे. त्याआधी तुम्ही तिला खरं सांगायचं. ऋतुपर्णालाही.”

बाजूने एक बाई सरस्वतीची मूर्ती कडेवरच्या मुलासारखी घेऊन गेली. केयूर तिला वाट देण्यासाठी सरकला आणि पुन्हा समोर आला, तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

“ती दिवसभर वाट बघते माझी. दारात चप्पल काढायच्या आधी प्रश्न विचारते. ‘मामाला सगळं येतं’ असं सांगते सगळ्यांना. मी खोटं बोललो म्हणून सांगितलं... तर यापुढे तिने माझं काहीच खरं मानलं नाही तर?”

“मानणार नाही कदाचित. थोडे दिवस.”

“आणि तू सांगितलंस तर?”

“मी सांगू शकते. माझं ते कामच आहे. पण मी सांगितलं तर तिचा मामा जाईल. तू सांगितलंस तर फक्त एक माहिती जाईल.”

नकळत ‘तू’ परत आलं होतं. केयूरने ते ऐकलं, पण हसला नाही.

“आणि आपलं?”

“आपलं नंतर. आधी ती.” आभाने त्याच्या उजव्या हातातली साडी घेतली. लाल काठाची, हळदीसारखी पिवळी. “ही घे तिला. ही छान दिसेल.”

एवढं बोलून ती गर्दीत शिरली. मागे वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि ती ठरवलं की करायची. मान मात्र घरापर्यंत दुखत होती.

सकाळी शाळेचं अंगण ओळखू येत नव्हतं. पायऱ्यांवर तांदळाच्या पिठाची वळणदार आल्पना, आंब्याच्या मोहराचा वास, धूप, आणि साड्यांमध्ये पाय अडकून धडपडणाऱ्या पिवळ्या पिवळ्या मुली. देवीच्या पायाशी पुस्तकांची चळत. आज कुणी पुस्तक उघडायचं नाही, सगळी तिच्यापाशी ठेवायची. ज्यांना देवीला फुलांची अंजली वाहायची होती, त्या मुली उपाशी होत्या आणि ताटातल्या बोरांकडे चोरून बघत होत्या.

आभा खांबाशी उभी राहून फाटकाकडे पाहत होती. येईल? की तब्येतीचं काही कारण...

तो आला. कुणाकडून तरी मागून आणलेला ढगळ पिवळा झब्बा, आणि त्याचं बोट धरून नूपुर. त्याने आभाकडे एकदा पाहिलं. मग सरळ आंब्याखाली एकट्या बसलेल्या ऋतुपर्णाकडे गेला आणि दोघींच्या समोर चक्क मातीत उकिडवा बसला.

आभा जवळ जाऊन थांबली. मध्ये काही बोलायचं नाही, हेही तिने ठरवलं होतं.

“नूपुर, मी तुला खोटं सांगितलं,” केयूर म्हणाला. “बोराने स्मरणशक्ती वाढते, असं कुणीही मोजलेलं नाही. मी मनाने रचलं. तू रडत होतीस, ते मला बघवलं नाही, म्हणून. पण म्हणून ते खरं होत नाही. ऋतुपर्णा,” आणि मग आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत, “आमि मिथ्या बोलेछि. नूपुरेर दोष नाय. आमार दोष. सॉरी.”

नूपुरने त्याचं धरलेलं बोट सोडून दिलं.

केयूर हलला नाही. रिकामा झालेला हात त्याने तसाच गुडघ्यावर ठेवला.

“सगळं खोटं?” तिने विचारलं. “गोल्डफिशचं पण?”

“ते मला खरं वाटायचं. तपासलं नव्हतं.”

“शिंगाचं?”

“शिंगाचं... तर अजिबातच नाही.”

 नूपुर साडीचा काठ बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मग हळूच म्हणाली, “मग बोर खाल्ला की विद्या जाते... ते खरं?”

केयूरने तोंड उघडलं. आभाला दिसलं, त्याच्या ओठांवर एक छानशी, गोड, तयार माहिती आली होती. कच्ची बोरं घशाला बाधतात, म्हणून पूर्वजांनी वगैरे. त्याने ती गिळली.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “आपण शोधू या?”

आभाने खांबाऐवजी आता आंब्याच्या बुंध्याला हात टेकला. 

नूपुरच्या कपाळावर आठी पडली. ही आठी आभाच्या ओळखीची होती. हात वर जायच्या आधी ती नेहमी पडायची.

“मामा, नाशिकला तू लहान असताना बोर खायचा?”

“खूप.”

“पूजेच्या आधी?”

“आमच्याकडे असा नियमच नव्हता. बोर दिसलं की खायचं.”

“सगळे खायचे? तुझे सगळे फ्रेंड्स?”

“सगळे. सगळ्या गावांतली सगळी मुलं.”

“मग सगळे फेल झाले?”

“नाही गं.”

“मग सगळे फर्स्ट आले?”

“छे! मी तर गणितात कसाबसा...” केयूर थांबला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. तो आभाकडे बघू लागला, आणि आभा नूपुरकडे.

“म्हणजे,” नूपुर सावकाश म्हणाली, “बोराने विद्या गेली असती तर तिकडे सगळे फेल. आणि बोराने विद्या आली असती तर सगळे फर्स्ट. म्हणजे ऋतूच्या आजीचं पण चूक, मामाचं पण चूक. बोर फक्त... बोर आहे?”

“शाब्बास,” आभाच्या तोंडून अगदी हळू निघालं.

“मग ऋतू का विसरली?”

आता तिघं आभाकडे बघत होते. ती मुलींच्या उंचीला खाली बसली. “मला ठाऊक नाही. तिलाच विचारू या.”

ऋतुपर्णाने नाक पुसलं. उभी राहिले तेव्हा कवितेचा विचारच नव्हता मनात, ती म्हणाली. सारखं एकच... आपण कूल खाल्लं, आपण कूल खाल्लं.

“कूल पोटात नव्हता,” नूपुर डॉक्टरांसारखी मान हलवत म्हणाली. “डोक्यात होता.”

“असेल,” आभा म्हणाली. “एकदाच झालं, म्हणून मी पैज नाही लावणार.”

“मग परत करू! ऋतू, म्हण ना. इथेच. मी ऐकते.”

ऋतुपर्णाने आधी मान हलवली. मग डोळे मिटले. पहिली ओळ कुजबुजली, दुसरी जरा मोठ्याने. काल जिथे अडली तिथे तिचा आवाज थरथरला, नूपुरने तिचं मनगट घट्ट धरलं, आणि ओळ आली. तिच्यामागून पुढची, आणि तिच्यामागून सगळी, धावत. कविता संपली तेव्हा दोघी उड्या मारत होत्या आणि दोघींच्या निऱ्या सुटल्या होत्या. बोरं मात्र आज कुणी आधी खाल्ली नाहीत. ऋतू देवीसाठी थांबली होती, आणि नूपुर ऋतूसाठी.

शंख वाजला. मुली अंजलीसाठी धावल्या. आंब्याखाली मातीने माखलेला झब्बा झटकत केयूर उभा राहिला.

“तिने माझं बोट सोडलं,” तो म्हणाला.

“पण प्रश्न तुलाच विचारले.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “काल रात्रीच ऑफिसात कळवलंय. तपासल्याशिवाय काही पाठवणार नाही. वरिष्ठ म्हणाले, मग रोज काय पाठवणार? मी म्हटलं, मिळेल तेव्हा.”

“रागावले असतील.”

“खूप.” मग त्याने एका दमात म्हटलं, “आभा, काल मला एक गोष्ट सांगायची होती. ती राहिली. ती मी तपासलीय.”

“किती वेळा?”

“सकाळी उठल्यावर. मग चहाच्या आधी, चहाच्या नंतर. तू हसतेस तेव्हा तपासली. काल तू रागावून गेलीस, तेव्हा तर जास्तच नीट तपासली. निकाल तोच येतो.” त्याने हात छातीवर ठेवला. डावीकडे नाही... मध्ये, आणि मग किंचित, अगदी किंचित डावीकडे. “माझं तुझ्यावर प्रेम आहे. शास्त्रीय कारण मला माहीत नाही.”

आंब्याचा मोहर वाऱ्याने तिच्या केसांवर, खांद्यांवर भुरभुरला. आतून फुलांचा सडा पडल्याचा आवाज आला, आणि शेकडो मुलींचा एकदम म्हटलेला मंत्र. आभाने ठरवलं होतं, की विचार करायला वेळ मागायचा. ठरवलं की ती करायची. पण...

“आपलं डोकं एकदाच आपटलं होतं,” ती म्हणाली. “शिंग आलं नाही. पण काहीतरी आलं खरं.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझंही आहे. तुझ्यावर.”

तो काही बोलणार, इतक्यात कुणीतरी मागून नाक ओढल्याचा आवाज झाला. नूपुर ऋतूबरोबर अंजली वाहून परत आली होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे. एका मुठीत प्रसादाची बोरं, दुसऱ्या हाताने सुटणाऱ्या निऱ्या सावरलेल्या. तिने एक बोर ऋतूला दिलं. एक आभाला. उरलेलं एक हातात धरून ती मामाकडे बघत राहिली... आणि मग तेही दिलं.

केयूरने ते बोर असं धरलं, जणू ते काचेचं आहे.

आणि मग नूपुरच्या कपाळावर ती आठी पडली. निऱ्या सोडून देऊन तिने हात वर केला. उंच, ताठ, मागच्याला काही दिसू नये इतका.

“काय गं?” दोघांनी एकदम विचारलं.

“तुमचं दोघांचं प्रेम आहे म्हणता,” नूपुर म्हणाली. “कशावरून?”